दोनशे बाराच्या पुढची पुस्तके

ग्रंथ माणसाला घडवतो. हे वाक्य मी आजवर निदान चाळीस सभांत ऐकले असेल, आणि त्यांतल्या निम्म्या सभांत, अंगावर नुकतीच शाल पडलेली असल्यामुळे, मान हलवून त्याला दुजोराही दिला असेल. माझ्यापुरते ते खरेच आहे. ग्रंथांनी मला घडवले, पोटाला लावले आणि म्हातारपणी पेन्शनही दिली. एक तपशील मात्र कोणत्याही सभेत सांगता आला नाही. ज्या ग्रंथांमुळे माझी नोकरी कायम झाली ते मी वाचलेले नव्हते, आणि दुसऱ्या कोणी वाचले असण्याचीही शक्यता नव्हती.

त्या वेळी मी पाथरीला अक्काच्या घरी राहत होतो. अक्का माझी थोरली बहीण. आमचे गाव वालूर. तिथे शेत होते आणि शेताला पुरतील एवढे भाऊ होते, म्हणून मला शिकवले. शाळा उर्दूतली, घर मराठीतले. परिणामी मला दोन्ही भाषा अर्ध्या अर्ध्या येत आणि दोन्हीकडचे लोक मला विद्वान समजत. अक्काचे घर म्हणजे बाजारामागच्या दोन खोल्या आणि पुढे अंगण. भाऊजी जिनिंगमध्ये कापूस तोलायचे. दिवसभर मोठ्याने वजने पुकारून आल्यामुळे घरी ते जवळजवळ बोलतच नसत. सकाळी जिनिंगचा भोंगा झाला की अक्का तव्यावर पहिली भाकरी टाकी. भाकरीबरोबर येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची, आमटी असे, तिच्या वासाने शेजारच्या घरातली मुले उंबऱ्यापाशी येऊन बसत आणि अक्का त्यांना ‘घरी अन्न न्हाई का रे मेल्यांनो’ असे म्हणत वाढीत असे. आज माझी सून पाकिटातून येसर आणते. चव तीच आहे असे मी तिला सांगतो. या वयात भांडण परवडत नाही.

निझामी जाऊन काही वर्षे लोटली होती आणि आमचा जिल्हा नुकताच मुंबई राज्याला जोडला गेला होता. कचेरीची भाषा बदलली, दुकानांच्या पाट्या बदलल्या. माणसे तीच राहिली, फक्त काहींनी शेरवानी पेटीत घालून खादी बाहेर काढली. गावच्या ग्रंथालयावरची उर्दू पाटी उतरवून मराठी पाटी लावली तेव्हा पेढे वाटले गेले. आत कपाटे सहा, बाके चार आणि वर्तमानपत्र एक. ते परभणीहून मोटारीने दुसऱ्या दिवशी येई, पण पाथरीत त्या आधी काही घडत नसल्यामुळे कोणाची तक्रार नव्हती. आधीचे ग्रंथपाल गफूरमियाँ, ज्यांना सारा गाव मुन्शीजी म्हणे, नव्या कारभाराबरोबर घरी बसले आणि दोन्ही लिप्या वाचणारा म्हणून मला हंगामी घेतले.

ग्रंथालयाचे अध्यक्ष वकीलसाहेब होते. त्यांचा आवाज भारदस्त होता आणि तो वाया जाऊ नये याची ते काळजी घेत. दोन माणसांशी बोलतानाही ते ‘बंधूंनो’ म्हणत. पाटी बदलण्याच्या समारंभात त्यांनी टेबलावर मूठ आपटून जाहीर केले होते, “या ग्रंथालयाचा अणुरेणू मराठी झाला पाहिजे!” त्यातला पहिला अणुरेणू माझ्या वाट्याला आला. ग्रंथालयाची नोंदवही मुन्शीजींच्या हातची, उर्दूत होती. आठशे चौऱ्याहत्तर पुस्तकांची नावे, प्रत्येकापुढे देणगीदाराचे नाव. ती मी मराठीत उतरवायची होती. पुण्याकडून तपासनीस येणार होते. पाचशे पुस्तके असली तर ग्रंथालयाला सरकारी मान्यता, आणि मान्यता मिळाली तर मी कायम. नाहीतर वालूर, शेत, आणि तिथे आधीच पुरेसे असलेले भाऊ.

मी कामाला लागलो. नोंदवही जाड हातकागदाची, शाई निळी-काळी आणि मुन्शीजींचे अक्षर असे की वाचण्याऐवजी बघतच बसावे. काही नावांच्या आधी बारीक ठिपके होते. ते माशीचे डाग समजून मी सोडून दिले. वकीलसाहेब दर दोन दिवसांनी डोकावत आणि विचारत, “कितीपर्यंत आलात?” मी दीडशेला होतो तेव्हा ते शाबास म्हणाले. दोनशेला आलो तेव्हा मात्र म्हणाले, “एवढी घाई कशाला? अक्षर सुंदर यायला हवं.” माझ्या अक्षराची इतकी काळजी घेणारा माणूस मला पूर्वी भेटला नव्हता. मी भारावून गेलो.

त्याच सुमारास जुन्या उर्दू वर्तमानपत्रांचे ढीग काढून टाकायचा ठराव झाला. ते न्यायला कोणी येईना म्हणून मी दोन गठ्ठे घरी आणले. अक्का खूश झाली. आमच्याकडे उन्हाळा लागला की बायका रद्दी भिजत घालतात, भिजवलेल्या मेथ्या टाकून उखळात कुटतात आणि तो लगदा पालथ्या घागरीवर थापून टोपल्या करतात. अशा टोपलीत ज्वारी ठेवली तर कीड लागत नाही. “आजून आन की,” अक्का म्हणाली, “तुज्या त्या कचेरीत नुस्ता कागदच हाय म्हनं.”

मी दोनशे बाराला आलो आणि वालूरला चुलतभावाचे लग्न निघाले. चार दिवस जायचे होते. ग्रंथालयाच्या कुलपावर माझा भरवसा नव्हता, म्हणून मी नोंदवही घरी आणली. धूळ बसू नये म्हणून ती जुन्या वर्तमानपत्रात नीट गुंडाळली, वर सुतळी बांधली आणि कोपऱ्यात ठेवली. त्या कोपऱ्यात दुसरे काय होते हे वाचकांच्या लक्षात आले असेल. माझ्या लक्षात यायला चार दिवस लागले.

लग्नाहून परतलो तेव्हा दुपार होती. अंगणात तीन घागरी पालथ्या घातलेल्या, दोहोंवर करडा लगदा थापलेला. तिसरीवरचा लगदा निळसर होता. अक्काचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते आणि ती शेजारणीला सांगत होती, “ह्यो कागद लय भारी निघाला बाई. चिवट. दोन दिस भिजंना, पन कुटल्यावर लोण्यावानी झाला.”

मी कोपऱ्याकडे पाहिले. कोपरा झाडून काढलेला होता.

“अक्का,” मी म्हणालो, “सुतळीनं बांधलेलं एक पुडकं होतं.”

“व्हतं की. त्येच हे.”

मी उखळाशेजारी मातीत बसलो. शेजारणीला वाटले मला ऊन लागले, ती कांदा आणायला पळाली. अक्काने आधी मला पाणी दिले, मग सगळे ऐकून घेतले, आणि मग ती भडकली. “तूच म्हनलास न्हाई का, ही समदी रद्दी हाय म्हनून? वरून तसलाच कागद, आतून तसलंच लिवलेलं. मला काय ठावं? मला तुजं मराठी आन त्येंचं उर्दू दोन्ही सारखंच दिसतंय.” भाषेच्या प्रश्नावर इतकी निःपक्षपाती व्यक्ती त्या काळात गावात दुसरी नव्हती. मग जरा वेळाने, नरमून, “पुठ्ठा ठिवलाय. चांगला व्हता म्हून डब्याखाली घातलाय,” असे म्हणाली. मी पुठ्ठा पाहिला. त्यावर सोनेरी अक्षरांत ‘कुतुबखाना’, म्हणजे ग्रंथालय, एवढेच होते. आत दोनशे तेरापासून पुढचे सगळे ग्रंथ घागरीवर वाळत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुन्शीजींकडे गेलो. ते दारातल्या तख्तावर बसून सुपातल्या तुरीच्या डाळीतले खडे निवडत होते. ज्यांनी बावीस वर्षे ती वही सांभाळली त्यांना तिची टोपली झाली हे कसे सांगायचे, याचा मी वाटभर विचार केला होता. ऐन वेळी मी सरळ सांगून टाकले. मुन्शीजींनी एक खडा उजेडात धरून पाहिला, फेकला आणि विचारले, “टोकरी अच्छी बनी?”

“जी.”

“बनतीच. कागद दौलताबाद का था.” मग सूप बाजूला सारून म्हणाले, “काइकू रोते मियाँ? कलम लाए?”

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. दोनशे तेरा, दोनशे चौदा, दोनशे पंधरा. पुस्तकाचे नाव, देणारा, कपाट. डोळे मिटलेले, बोटे मांडीवर ठेका धरून. तीन सकाळी मी त्या तख्ताच्या टोकाला बसून लिहीत होतो. मधूनच ते थांबत आणि म्हणत, “इसके आगे नुक्ता.” मी ठिपका देई आणि पुढे जाई. आठशे चौऱ्याहत्तरला ते थांबले, पाणी प्यायले आणि डाळीकडे वळले. असले पाठांतर मी पुन्हा पाहिले नाही. आता माझा नातू हे सगळे खिशात मावते असे सांगतो. मावत असेल.

माझा आनंद दुपारपर्यंत टिकला. यादी घेऊन कपाटे उघडली आणि पडताळू लागलो. दोनशे एकोणीस नाही. दोनशे वीस नाही. दोनशे एकवीसपासून दोनशे ऐंशीपर्यंत एकही नाही. संध्याकाळपर्यंत हिशेब लागला: चारशे तेरा पुस्तके गायब. कपाटांची किल्ली एकाच माणसाच्या करगोट्याला होती आणि तो माणूस मी होतो. टोपलीपर्यंत ती चूक होती. आता चोरी झाली होती, आणि चोर म्हणून दाखवायला दुसरे कोणी नव्हते. मी कुलूप घालायचेही विसरून मुन्शीजींकडे धावलो.

“मुन्शीजी, चोरी झाली!”

“कौनसे नंबर?”

मी सांगत गेलो. ते ऐकता ऐकता हसू लागले. “मियाँ, वो सब नुक्ते वाले हैं ना? नुक्ता मतलब, आई नई.”

“आली नाहीत म्हणजे?”

“जलसा होता. बड़े लोगाँ उठते, बोलते, मैं पचास किताबाँ देता. ताल्याँ बजते. तहसीलदार साब बोलते, मुन्शी, लिखो. हम लिखे. अब किताबाँ का आना न आना अल्ला के हात.” त्यांनी सुपारी कातरली. “हर ईद-दिवाली कू याद दिलाया. बोलते, भेजता. तुम्हारे वकीलसाब के साठ हैं. दो सौ इक्कीस से.”

ज्या ठिपक्यांना मी माश्यांची घाण समजलो होतो, ती गावच्या प्रतिष्ठेची जनगणना होती. कारखानदार, देशमुख, दोन डॉक्टर, जुने तहसीलदार, नवे पुढारी. जातधर्माचा भेद कुठेही नव्हता. आणि दोनशेच्या पुढे सुंदर अक्षर का हवे होते, तेही मला आता कळले.

वकीलसाहेबांपुढे उभा राहिलो तेव्हा मला वाटले, आता ते मला हाकलून देणार. नोंदवहीची टोपली झाली एवढेच मी आधी सांगितले. त्यांनी खुर्ची मागे सारली.

“संपूर्ण नष्ट? की काही पानं उरली?”

“फक्त पुठ्ठा उरला साहेब.”

“अरेरे,” ते म्हणाले, आणि चहा मागवला. तोपर्यंत मला त्या घरात पाणीही मिळाले नव्हते. पहिला घोट घेतल्यावर मी म्हणालो की काळजी नसावी, मुन्शीजींनी सगळे तोंडपाठ सांगितले आहे, नावांसकट. चहा तेवढ्यावरच संपला.

ते उठून खिडकीपाशी गेले. खरी संख्या चारशे एकसष्ट होती हे मी सांगितले. मान्यतेला पाचशे लागत होती. शेवटी ते वळले आणि त्यांचा सभेतला आवाज परत आला. “ग्रंथ वाचकांकडे आहेत, असं लिहा. चारशे तेरा ग्रंथ घराघरांत वाचले जाताहेत! ग्रंथालयाला याहून मोठं भूषण कोणतं?”

“पण साहेब, कोणत्या वाचकांकडे?”

“मतदारयादी आहे ना,” वकीलसाहेब म्हणाले.

आयुष्यात मला अनेक धक्के बसले. पण तितक्या शांत आवाजात बसलेला तो एकच. खाली सही माझी असणार होती. उद्या तपासनिसांनी एखाद्या मतदाराच्या घरी जाऊन पुस्तक मागितले तर वकीलसाहेब सभेत असणार होते आणि मी चावडीवर. सही केली नाही तर वालूर. त्या संध्याकाळी मी जेवायला बसलो आणि भाकरी नुसती कुस्करत राहिलो. अक्काने विचारले, मी सांगितले. ती चुलीपुढे भाकरी थापत होती, थांबली नाही.

“शेजारीन म्हनली साखर देते आन दिली न्हाई, तर साखर कुटं हाय?”

“कुठे?”

“तिच्याच डब्यात की, येड्या. ज्यानं पुस्तकं दिली म्हनून टाळ्या घेतल्या, त्येच्याच घरी हायेत ती. मग तसं लिव्ह.”

भाऊजी इतक्या वेळात पहिल्यांदा बोलले. “बरोबर वजन हाय,” ते म्हणाले, आणि मला दुसरी भाकरी वाढायला सांगितले.

तपासनीस आले. बारीक, धोतर नेसलेले, बगलेत छत्री. वकीलसाहेबांनी स्वागताचे भाषण अर्धा तास केले. मंचावर सगळे देणगीदार हारांसह बसले होते. तपासनिसांनी भाषण चालू असतानाच माझी नवी मराठी नोंदवही मांडीवर घेतली आणि पाने उलटू लागले. टाळ्या थांबल्यावर त्यांनी मान वर केली.

“अध्यक्ष महाशय, आपण साठ ग्रंथ घरी नेले आहेत?”

वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी हाराकडे पाहिले.

“इथे देणगीदारही आपण आणि वाचकही आपण, असं दिसतं,” तपासनीस म्हणाले. “बाकीच्यांचंही तसंच. असं कसं?”

नाही म्हणावे तर पुस्तके दिलीच नव्हती हे उघड होत होते, आणि मंचावरच्या सगळ्यांना ते एकाच क्षणी कळले. वकीलसाहेबांचा आवाज मात्र अशा वेळी कामी येत असे. “अर्पण केले तरी,” ते म्हणाले, “ग्रंथांचा लळा सुटत नाही.” मागच्या रांगेतून कोणीतरी टाळी वाजवली. लोकांना सवय होती.

“लळा चांगला,” तपासनीस म्हणाले. “परंतु मुदत पंधरा दिवसांची असते. पंधरा दिवसांत सर्व ग्रंथ जमा करून ग्रंथपालांनी मला कळवावं. मग मान्यता.” त्यांनी तसा शेरा लिहिला, सही केली आणि छत्री उचलली.

ते गेल्यावर वकीलसाहेबांनी मला कपाटाआड गाठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. “तुम्ही मला फसवलंत!”

“साहेब,” मी म्हणालो, “वाचकांकडे आहेत असं लिहा, असं आपणच म्हणालात. मतदारयादीत आपलंही नाव आहे.”

पुढचे पंधरा दिवस पाथरीत जे घडले ते मी डोळ्यांनी पाहिले म्हणूनच विश्वास ठेवतो. मंडळींनी पुस्तके गोळा करायला माणसे पाठवली. माळे उपसले गेले. डॉक्टरांनी औषध कंपन्यांच्या याद्या बांधून आणल्या, देशमुखांनी गेल्या अकरा वर्षांची पंचांगे. कारखानदारांनी यंत्रांच्या माहितीपुस्तिका दिल्या, त्या जर्मन भाषेत होत्या. कोणी मुलांची अंकगणिते आणली. मुले दुसऱ्या दिवशी रडत दारात उभी राहिली, त्यांना मी ती परत दिली आणि पुन्हा ‘वाचकांकडे’ लिहिले, या वेळी खरेखुरे. मी प्रत्येक गठ्ठा मोजून घेत होतो, मुन्शीजींना बोलावून बाकावर बसवले होते, आणि ते एकेक ठिपका खोडताना ‘बिस्मिल्ला’ म्हणत होते. चौदाव्या दिवशी वकीलसाहेबांचे साठ ग्रंथ बैलगाडीतून आले. सगळे एकाच मापाचे होते. मी वरचा उचलून पाहिला, मग खालचा, मग मधला. जनावरांच्या खुरकुत रोगावरच्या सरकारी पुस्तिकेच्या त्या साठ प्रती होत्या.

मान्यता आली, महिन्याभरात मी कायम झालो आणि निवृत्त होईपर्यंत त्याच कपाटांपाशी बसलो. खुरकुतीची पुस्तिका सर्वांत जास्त वेळा वाचायला गेली.